माझ्यासमोर गिळा

आमच्या ह्यांनी रक्ताचा रिपोर्ट तांदळाच्या पिंपात लपवला होता. आता मला सांगा, ज्या घरात दोन वेळा भात शिजतो, त्या घरात तांदळाच्या पिंपात कोण काय लपवतं? पण हे पडले पुरुष. जेवण ताटात येतं, एवढंच ह्यांना ठाऊक. मी मापटं घेऊन आत हात घातला आणि बोटांना कागद लागला.

मी कापडे गावात अंगणवाडी सेविका आहे, सतरा वर्षं झाली. हातात आलेला कागद वाचल्याशिवाय मी सोडत नाही. आकड्यांची रांग होती आणि एका आकड्याशेजारी वर जाणारा बाण. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकशे अडुसष्ट. ते शंभराच्या आत असावं, असं शेजारी छापलेलंच होतं. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची.

"हे काय हो?"

"कंपनीचा दरवर्षीचा तपास असतो ना, त्याचा कागद. तिकडचा डॉक्टर म्हणाला, बाहेर दाखव. काय नाय त्यात."

"काय नाय, तर पिंपात कशाला?"

"तांदळाला किडे लागू नयेत म्हणून."

बघा! हे असं. ह्यांचं वय सेहेचाळीस. अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही. विडी नाही, तंबाखू नाही, दारूला शिवत नाहीत. पहाटे उठून मागच्या टेकडीवर पळत जातात. भीमजयंतीच्या कबड्डीत अजून चढाई करतात आणि पंचविशीतल्या पोरांना हात लावून परत येतात. असा माणूस "मला काय झालंय?" म्हणणारच. दुसऱ्या कुणाचा नवरा असता, तर मीसुद्धा म्हटलं असतं, बरोबर आहे बाबा तुझं.

पण ह्यांचे थोरले भाऊ अरविंददादा अस्सेच होते. तसेच सडसडीत, तसेच निर्व्यसनी. तीन वर्षांपूर्वी भाताची झोडणी चालू असताना "जरा बसतो रे" म्हणून पेंढ्यावर बसले, ते उठलेच नाहीत. सत्तेचाळीस वय. माझी थोरली जाऊ सरिताताई पलीकडच्या खोलीत राहते. अजून घराबाहेर पडताना ती दाराकडे तोंड करून "येते हो" म्हणते. आत कुणी नसतं. मी हे रोज ऐकते. मला तिच्यासारखं मागे राहायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती. पण मला भीती वाटली की आधी राग येतो, आणि राग आला की माझा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत जातो.

गंमत तर पुढेच आहे. हे महाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात आहेत, तिथे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाचीच पावडर बनते. गोळ्या नाही हं, नुसती पावडर. ड्रमात भरून पुढे जाते, गोळ्या कुठेतरी लांब होतात.

"अगो, बावीस वर्षं," हे म्हणाले, "बावीस वर्षं मला शिकवलं, ह्या पावडरीला हात लावायचा नाय. दोन-दोन हातमोजे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला हवेची नळी. अंगावर सांडली तर पंधरा मिनिटं शॉवरखाली उभं राहायचं. आणि आता तू म्हणतेस, त्याचीच गोळी खा!"

"तिथे ती किलोने असते. गोळीत असते चिमूटभर."

"विंचू लहान हाय म्हणून खिशात ठेवतेस काय?"

मी भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी नवीनच मुद्दा काढला. बावीस वर्षांत थोडी तरी पावडर नाकातोंडात गेलीच असेल, तरी एवढं कोलेस्टेरॉल निघालं, म्हणजे औषधच गुणाचं नाही! मी म्हटलं, तोंडाला नळी लावता ना, मग गेली कुठून? तर म्हणतात, "तेच तर. नळी नीट लावली म्हणून वाढलं." ह्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा म्हशीला अंगणवाडीत घातलेलं बरं.

मी ह्यांना ओढत महाडला नेलं. तिथे डॉक्टर अनुष्का आहेत, हृदयाच्या. वयाने तरुण, बोलायला शांत. मला वाटलं, आता बाई चांगलं खडसावतील. कसलं काय! त्यांनी एका कोऱ्या कागदावर टिंबं काढली, दहाच्या दहा ओळी.

"समजा, हे तुमच्यासारखे शंभर पुरुष. पुढच्या दहा वर्षांत ह्यातल्या साधारण दहा जणांना हृदयाचा झटका किंवा तसंच काही होईल." त्यांनी दहा टिंबांना गोल केले. "सगळ्यांनी रोज गोळी घेतली, तर त्यातले तीनेक जण वाचतील. हा ठोकताळा आहे हं, भविष्य नाही."

हे पडले प्रॉडक्शनमधले. खुर्ची पुढे ओढून बसले. "म्हणजे नव्वद माणसं फुकट गोळी खाणार?"

"हो."

"आणि सात जण खाऊनपण आडवे होणार?"

"हो, तेही खरं."

"आमच्याकडे शंभरातले तीनच ड्रम कामाला आले, तर मॅनेजर गेटाबाहेर काढेल."

डॉक्टर हसल्या. "पण ते तीन कोण, हे आधी कळत नाही ना. तुमचे सख्खे भाऊ इतक्या लवकर गेले, म्हणून तुमचं टिंब मी गोलाच्या जवळ धरते. त्रास म्हणाल, तर काही जणांचे स्नायू दुखतात. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. बहुतेकांना काही होत नाही. माझं मत विचाराल तर घ्यावी. पण आग लागलेली नाही. नीट विचार करा आणि तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे जंताच्या गोळ्यांचा दिवस असतो, तेव्हा आम्ही पोरांना "तू ठरव बाळा" म्हणतो का? गोळी समोर चावायला लावायची, पाणी पाजायचं, तोंड उघड, जीभ वर कर, पळ. गरोदर बायकांच्या लोहाच्या गोळ्यांचंही तेच. माझ्या हातची एक गोळी सतरा वर्षांत वाया गेलेली नाही.

"तुम्ही लिहून द्या, डॉक्टर," मी म्हटलं. "गिळवायचं मी बघते."

मग रोज सकाळी चहाबरोबर कार्यक्रम सुरू झाला. मी गोळी द्यायची, हे तोंडात टाकायचे, आणि लगेच मागल्या दारी चूळ भरायला जायचे. मी खूश. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मला दिसलं, की हे मागल्या दारी गेले रे गेले, की आमची तांबडी कोंबडी कुठूनही धावत येते आणि मान वर करून उभी राहते. मी दाराआड थांबले. ह्यांनी गालातून गोळी काढली आणि कोंबडीपुढे टाकली. तिने टपकन उचलली.

"नऊ गोळ्या!" मी ओरडले. "नऊ गोळ्या त्या कोंबडीच्या पोटात!"

"अगो, हळू. तिची अंडी आता हार्टवाल्यांनापण चालतील."

आमच्या सासूबाई, चंपाबाई, ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. थोरला लेक गेल्यापासून त्या फार बोलत नाहीत. त्यांनी कोंबडीकडे बघितलं, लेकाकडे बघितलं. "मेली नाय ना ती? मग तूपण घे की रे."

आईपुढे ह्यांचं काही चालेना, म्हणून ह्यांनी अट घातली. "हिला सांग, पयलं स्वतःचं रक्त तपास. हिचं चांगलं निघालं, तर मी गपगुमान गिळीन."

ही काय अट झाली? ही तर देणगी झाली! वाड्या-वस्त्यांवर मी रोज आठ किलोमीटर चालते. लावणीला वाकते ती संध्याकाळीच सरळ होते. बाळंतपण सोडलं तर दवाखान्याची पायरी चढलेली नाही. मी सोमवारी महाडला जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता.

पण गुरुवार दुपारपर्यंत धीर धरील ती मी कसली? नवीन गोळ्यांचं पाकीट आणलेलंच होतं. गुरुवारी सकाळी ह्यांच्या डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्यात, मी ते घालून दिलं. सोबत चिठ्ठी लिहिली: 'जेवल्यावर घ्या. घेतली नाही तर घरी येऊ नका. आज तिथे कोंबडी नाही.'

कारखान्यात औषध न्यायचं तर सकाळी गेटवरच्या वहीत लिहून न्यावं लागतं, हे मला काय माहीत? ह्यांना माहीत होतं, पण पिशवीत काय आहे हे ह्यांना माहीत नव्हतं. जेवताना चारचौघांसमोर फडकं सोडलं, चिठ्ठी वाचली, लाजेने लाल झाले आणि सगळं तसंच परत कोंबलं. तीनला शिफ्ट सुटली. गेटवर पिशव्या तपासतात.

मी तेव्हा महाडलाच होते. माझा रिपोर्ट हातात पडला होता, पाकीट उघडलंही नव्हतं. बघायचं काय त्यात? तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, मी रावजी बोलतोय, कंपनीच्या गेटवरून. डॉक्टरची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल हाय ना? घेऊन या लगेच. तुमच्या मिस्टरांकडं माल सापडलाय."

माल! माझी पाचावर धारण बसली. ह्यांचा रिपोर्ट, चिठ्ठी आणि बिल एका पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलेलंच होतं. रिक्षात बसले, आणि पोचेपर्यंत काय काय मनात आलं ते सांगत नाही.

गेटवर बघते तर कामगारांची बस उभी. कुणाला अडवलं की माणसांची मोजणी पुरी होईस्तोवर बस सोडत नाहीत. खिडकीखिडकीतून दोन-दोन डोकी बाहेर. टेबलावर डबा, फडकं, गोळ्या आणि माझी चिठ्ठी ओळीने मांडलेली, आणि टेबलाशेजारी आमचे हे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे उभे.

रावजी त्या गेटवरचा जुना वॉचमन. बिचारा हळूच म्हणाला, "वहिनी, माल इथला नाय हे मला कळतंय. इथं कुठं गोळ्या बनतात? पण पाकिटावर ते 'स्टॅटिन' का काय, तेच नाव आपल्या ड्रमावर असतं. नवीन साहेब सोडायला तयार नाय. आणि ते कोंबडीचं काय लिवलंय? साहेबांना वाटतंय, कोंबडी म्हणजे बाहेरचा माणूस हाय, माल घेणारा."

बसमधून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, आज रत्नाभाऊंना घरात घ्या हो!" रत्नाभाऊ म्हणजे आमचे हे. पुढचं हसू पार मागच्या सीटपर्यंत गेलं. म्हणजे चिठ्ठी मोठ्याने वाचून झाली होती.

माझा पारा चढला. चोरी नाही, मारी नाही, आणि माझ्या नवऱ्याला चोरासारखा उभा करतात! मी पर्समधून पाकीट काढून टेबलावर आपटलं. "हे घ्या! त्यात सगळं आहे. वाचा! लपवायचं काय त्यात? मोठ्याने वाचा, बसमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. ह्या माणसाला औषधाची गरज आहे, म्हणून मी घालून दिलं!"

रावजीने चष्मा लावला आणि आज्ञेप्रमाणे मोठ्याने वाचलं. "एलडीएल. एकशे एकाहत्तर."

"अडुसष्ट," मी म्हटलं.

"एकाहत्तर हाय, वहिनी. वय बेचाळीस. स्त्री." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "प्रियदर्शिनी म्हणजे तुम्हीच ना?"

कंपनीचा तपासही ह्याच लॅबमध्ये होतो, त्यामुळे पाकिटं दोन्ही सारखीच. रागाच्या भरात मी माझं दिलं होतं.

मग बस जी हसत सुटली! "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" एक जण खिडकीत थाप मारून ओरडला.

"मशीन बिघडलं असेल त्यांचं," मी म्हटलं. "मला काय झालंय? मी रोज आठ किलोमीटर चालते. चरबी आहे का कुठे अंगावर? उगाच आपले कागद दाखवून धडधाकट माणसाला…" आणि मी थांबले. हे सगळं मी ऐकलेलं होतं, वीस दिवस, रोज सकाळी, चहाबरोबर. तोंडात कुणी मारावी तसं झालं.

आता हे हसणार, जन्मभर हसणार, अशी तयारी करून मी वळले. पण हे हसतच नव्हते. चेहरा पांढराफटक. अरविंददादांना पेंढ्यावरून उचललं, त्या दिवशी होता तसा. रावजीच्या हातून रिपोर्ट घेऊन त्यांनी दोनदा वाचला. मी दुसरं पाकीट शोधून चिठ्ठी आणि बिल दिलं, साहेबांनी सही केली, गोळ्या परत मिळाल्या. ह्यांनी तिथेच दोन गोळ्या फोडल्या. एक तोंडात टाकली आणि रावजीच्या बाटलीतलं पाणी पिऊन खरोखरची गिळली. दुसरी माझ्यापुढे धरली.

"घे."

"मला नको."

"घे म्हणतो ना! माझ्यासमोर गिळ!"

"दुसऱ्याच्या नावाची गोळी घ्यायची नसते. मी रोज बायकांना सांगते."

"आज कोणाला सांगू नको. तोंड उघड!"

चाळीस माणसं बघत होती आणि मी ओठ घट्ट मिटून उभी होते. शेवटी ड्रायव्हरनेच हॉर्न दाबला. "भाऊ, वहिनींना डॉक्टरकडं सोडतो, चढा दोघं." आम्ही बसलो, तेव्हा तो आरशात बघून हळूच म्हणाला, "मी तीन वर्षं घेतोय ही गोळी. घरी सांगितलेलं नाय. बोलू नका कुठं."

डॉक्टर अनुष्कांनी माझा रिपोर्ट बघितला. बीपी घेतलं, साखर विचारली, आईवडलांचं विचारलं. मी सांगितलं, वडील शिवथरला असतात, अठ्ठ्याहत्तर वय, अजून लाकडाची मोळी डोक्यावरून आणतात. आई तर त्यांना ओरडायला रोज त्यांच्या मागून जाते.

"मग तुम्हाला आत्ता गोळी नको," डॉक्टर म्हणाल्या. "थायरॉईड तपासून घेऊ, कधी कधी त्याने वाढतं. खाण्याचं बघू. तीन महिन्यांनी परत रक्त द्या."

"असं कसं?" हे खुर्चीतून उठलेच. "हिचं माझ्यापेक्षा तीनने जास्त हाय! मला देता आणि हिला नाय?"

"आकडा जास्त आहे, पण धोका कमी. वय कमी, घरात कुणी लवकर गेलेलं नाही. अशा शंभर बायकांत एखाद-दुसरीलाच…"

"आणि ती एखादी हीच असली तर?"

"असू शकते. तसं मी कुणालाच वचन देऊ शकत नाही."

"मग द्या! गिळवायचं मी बघतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दादा, तुम्हीच मला विचारलं होतंत, नव्वद माणसं फुकट का खाणार म्हणून. तुमच्या नऊ गोळ्या कोंबडीने खाल्ल्या, हे वहिनींनी मला फोनवर सांगितलंय. तेव्हा तुम्ही नीट हिशोब करत होता. आज काय झालं?"

हे बसले. मला वाटलं, आता काहीतरी कोंबडीवरून बोलतील आणि सुटतील.

"माझं वेगळं हो," हे म्हणाले. "मी गेलो, तर मी नसणारच. ही गेली, तर मी मागं असणार ना. सरितावहिनीला रोज बघतो मी."

मी नाकावर कधी माशी बसू देत नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायचंही सुचलं नाही. वीस दिवस मी ह्यांना हेच सांगायला ओरडत होते. सांगितलं मात्र कधीच नव्हतं. नुसती गोळी पुढे करत राहिले.